चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण ज्याला उद्देशून म्हणतो, त्याच्याविषयी आपल्या मनात थोडी कीव असते आणि थोडा संशयही असतो. ज्याला घर नाही, शेत नाही, ग्रामदेवतेच्या देवळात मान नाही, तो माणूस कसला, अशी आपल्या समाजाची जुनी धारणा आहे. अशा वेळी एखादा सुखवस्तू गृहस्थ लाखो रुपये मोजून मुद्दाम बिऱ्हाड पाठीवर घेतो, मोटारीतच झोपतो, मोटारीतच रांधतो आणि या अवस्थेला सुट्टी म्हणतो, हे पाहून आमच्या पेडणे महालातील वडीलधारी मंडळी चकित होत असत. हल्ली ती चकित होत नाहीत. मोटरहोम किंवा कॅराव्हॅन हा शब्द आता सरकारी धोरणांतही आला आहे, तेव्हा या घरगाडीविषयी या खेपेस चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

आमच्या पिढीने अशा गाड्या प्रथम पाहिल्या त्या हरमलला. शिवोली आणि चोपडे यांना जोडणारा पूल तेव्हा नव्हता. शापोरा नदीवर फेरीबोट चाले. बार्देशातून येणाऱ्या जड गाड्या कोलवाळच्या पुलावरून पेडण्याला वळसा घालून समुद्राकडे उतरत. माडांखाली दोन-तीन गाड्या उभ्या असत. त्यांच्या खिडक्यांना रंगीबेरंगी पडदे, टपावर पाण्याची पिंपे आणि नंबरपाटीवर आम्हांला न कळणारी अक्षरे. बहुतेक गाड्या जर्मन बांधणीच्या. फोक्सवॅगन कंपनीने १९५० साली जी पेटीसारखी गाडी काढली आणि जिच्यात दुसऱ्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने बिछाना व कपाटे बसवून दिली, तिच्याच जातकुळीतल्या त्या होत्या. आम्ही शाळकरी मुले लांबूनच त्या न्याहाळीत असू. गाडीच्या पोटात चूल कशी बसते, हे आमच्या दृष्टीने त्या वेळी चंद्रावरील स्वारीपेक्षा मोठे कोडे होते.

या गाड्या येत त्या वाटेचा इतिहास आज ज्येष्ठ वाचकांनाही फारसा आठवत नसेल. १९५७ साली एप्रिल महिन्यात लंडनहून निघालेली एक प्रवासी बस जूनमध्ये कलकत्त्याला पोचली आणि युरोपातून हिंदुस्थानात खुष्कीच्या मार्गाने येता येते हे सर्वसामान्यांना कळले. इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबरखिंड, लाहोर, दिल्ली, असा तो मार्ग. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांतच त्या वाटेचे एक टोक आपल्या किनाऱ्यापर्यंत लांबले. १९७९ साली आरंभी इराणात क्रांती झाली, वर्षाअखेर अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि काबूलची वाट बंद पडली. तरीही जिद्दी मंडळी बलुचिस्तानच्या वाळवंटातून क्वेट्टा-लाहोर करीत वाघ्याला पोचतच राहिली. २०२५ च्या एप्रिलात पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचे नाके बंद करण्यात आले, तेव्हा ही वाटही खुंटली.

परदेशी माणसाला स्वतःची गाडी घेऊन येथे येणे वाटते तितके सोपे नसते. कार्ने नावाची एक चोपडी त्याला आपल्या देशातील मोटारसंघाकडून घ्यावी लागते. हे वाहन आम्ही विकणार नाही, मुदतीत परत नेऊ, न नेल्यास त्यावरील जकात आमच्या ठेवीतून वसूल करावी, अशी ती हमी असते. आपल्याकडे ही मुदत सामान्यतः सहा महिन्यांची. म्हणजे ज्याला आपण बेफिकीर भटक्या समजतो, त्याच्या खिशात सावकारी कर्जरोख्यासारखा एक कागद असतो आणि दर सीमेवर त्यावर शिक्का उठतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. घरगाडी चालते तोवर ती गाडी असते. थांबली की ती घर होते. घर झाले की घराच्या सगळ्या गरजा तिला लागतात. उघड्या माळावर एक रात्र निभते. मोठ्या शहराजवळ निभत नाही. म्हणून युरोपात बहुतेक प्रत्येक मोठ्या नगराच्या वेशीवर अशा गाड्यांसाठी तळ आखून ठेवलेला असतो. पॅरिसला तो बुलोन्यच्या वनात, सेन नदीच्या काठी आहे. आपल्याकडेही असे तळ मुळीच नव्हते असे नाही. दिल्लीत सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत काश्मिरी दरवाजाच्या बसस्थानकासमोर कुदसिया बागेत एक आणि दिल्ली दरवाजाजवळ इर्विन रुग्णालयासमोर एक, असे दोन प्रवासी तळ नावाजलेले होते. इस्तंबूलहून निघालेला माणूस तेथे पोचला की चार दिवस अंग टाकी, कपडे धुई, गाडीचे तेल बदली आणि मग दक्षिणेची वाट धरी.

तळ हा शब्दही आपला जुनाच. फौजेचा तळ, लमाणांच्या तांड्याचा तळ, पालखीतळ. आज रस्त्यारस्त्यावर वाहनतळ अशी पाटी दिसते. पण त्या तळावर वाहनाला तेवढा मुक्काम करता येतो, माणसाला नाही! शब्दाचे अर्धे अंग असे लुळे पडलेले पाहून भाषेच्या शिक्षकाला वाईट वाटते. असो.

घराबाहेर मुक्काम करून राहणे आपल्याला परके नाही. डिचोली महालातील शिरगावच्या लईराईचे धोंड व्रताचे दिवस घराबाहेर पाण्याच्या काठी मांडव घालून काढतात आणि तेथेच आपले अन्न रांधतात. साखळीच्या विठ्ठलापुरात ज्यांचे कान टाळांच्या नादाने तयार झाले, अशी गोव्यातील कितीतरी मंडळी आषाढीला पायी पंढरपूरला जातात आणि वाटेत रोज नवा मुक्काम करतात. पंढरपुरात पूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटातच राहुट्या पडत. नदीची जी दशा होई तिच्यामुळे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आता पैलतीरी ६५ एकरांच्या जागेत दिंड्यांना भूखंड आखून दिले जातात, नळ, वीज, शौचालये यांची सोय केली जाते. त्या जागेला लोक ‘पासष्ट एकर’ याच नावाने ओळखतात. गाड्यांच्या तळासाठी परदेशी नमुने मागवणाऱ्यांनी एकदा तेथे जाऊन यावे.

उलट गोव्याच्या किनाऱ्यावर काय झाले? घाटमाथ्यावरून एखाद्या गावची पन्नास माणसे भाड्याची बस करून येतात. बसच्या पोटात गॅसची शेगडी, भाताचे पातेले, कांद्याची पोती. रस्त्याच्या कडेला भात शिजतो आणि बायका-मुले बसच्या सावलीत जेवतात. मागे उष्टे, पत्रावळी, बाटल्या राहतात हे खरे आहे, आणि त्याचा उपद्रव किनाऱ्यावरच्या गावांनी पुष्कळ सोसला आहे. म्हणून २००१ च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन उघड्यावर स्वयंपाक करण्यास व मद्य पिण्यास बंदी आली. त्या वेळी एकट्याला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार रुपये दंड ठरला. कायद्याविषयी आमची तक्रार नाही. पण त्याच सुमारास घरगाड्यांच्या पर्यटनाची भाषा मोठ्या उत्साहाने बोलली जात होती, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. केंद्राचे कॅराव्हॅन धोरण २००९-१० च्या सुमारास आले होते, महाराष्ट्राने आणि केरळने आपापले धोरण २०२१ मध्ये काढले. चूल गाडीच्या आत असली तर पर्यटन आणि बाहेर आली तर उपद्रव, एवढाच भेद असेल तर तो पैशाचा भेद आहे. घाटावरच्या त्या बसला शहराबाहेर एक तळ, दोन नळ आणि कचऱ्याची जागा दिली असती, तर निम्मे भांडण तेथेच मिटले असते असे आमचे मत आहे.

परंतु नळ आणि वीज हा सोपा भाग झाला. अवघड भाग वेगळाच आहे आणि पर्यटनाच्या रंगीत पत्रकांत त्याचा उल्लेख सहसा आढळत नाही. तो आम्हांला समजला आमच्या भावजयीकडून.

आमचे धाकटे बंधू डिचोलीस असतात. त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरीला. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याने आई-वडिलांना तेथे नेऊन, भाड्याची घरगाडी घेऊन पॅरिस दाखवले. चतुर्थीला मंडळी एकत्र जमली तेव्हा आयफेल मनोऱ्याचे वर्णन बंधूंनी केले, ते आम्ही शिष्टाचार म्हणून ऐकले. भावजय मात्र तळाविषयी बोलत होती. प्रत्येक गाडीला आखलेली जागा, जागेजवळ विजेचा खांब, ठराविक अंतरावर नळ. भांडी घासण्यासाठी ओळीने मोऱ्या, त्यांना गरम पाणी, आणि तेथे उभे राहून भांडी घासणारे बहुतेक पुरुष! गाडीत शंभर-सव्वाशे लिटर पाणी मावते, ते कसे पुरवून वापरावे लागते, आंघोळीचे पाणी खालच्या टाकीत कसे साठते आणि मग जाळीवर गाडी नेऊन ते कसे सोडायचे, हे सगळे तिने नीट पाहून ठेवले होते.

“आणि भावजी, तिसऱ्या दिवशी सकाळी बाबू हातमोजे घालून मागे गेला आणि एक डबा ओढत घेऊन आला,” ती म्हणाली. घरगाडीतील शौचकूप म्हणजे अठरा-वीस लिटरचा एक झाकणबंद डबा असतो. दोन-तीन दिवसांनी तो भरतो. तळावर एका बाजूला त्यासाठी खास कुंड असते. तेथे डबा ओतायचा, धुवायचा, त्यात औषध घालायचे आणि पुन्हा गाडीत सरकवायचा. मुलाच्या हातात तो डबा पाहून या माउलीने त्याला वाटेतच अडवले. “ठेव तो खाली, तुझ्या बापजन्मात कोणी हे केले नाही.” मुलगा म्हणाला, “आई, मग कोण करणार?” तिने आजूबाजूला पाहिले. रांगेत डबे घेऊन उभे असलेल्यांत एक पांढऱ्या केसांचा डॉक्टर होता, आदल्या संध्याकाळीच त्याची ओळख झाली होती. कोणाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कोणी नाक मुरडीत नव्हते. पुढच्या खेपेस डबा आमच्या बंधूंनी नेला. हे त्यांनी आम्हांला आपण होऊन सांगितले नव्हते.

“बापजन्मात कोणी केले नाही” हे वाक्य आम्ही अनेक दिवस मनात घोळवीत राहिलो. आपल्याही घरचा मैला कोणीतरी नेतच होते. त्याच्याही बापजन्मातले, त्याच्याही आजाजन्मातले. फक्त ते कोणी आपल्या घरातले नव्हते. १९९३ साली आणि पुन्हा अधिक कडकपणे २०१३ साली, माणसाकडून हाताने मैला साफ करून घेण्यास मनाई करणारे कायदे झाले. शाळेच्या फळ्यावर श्रमप्रतिष्ठेचे सुविचार तर त्याच्याही आधीपासून आपण लिहीत आलो आहोत.

आमच्या सीमेला लागून असलेल्या सिंधुदुर्गात या विषयात आयुष्य घालवलेला एक पुरुष होऊन गेला. आप्पासाहेब पटवर्धनांना (१८९४–१९७१) लोक कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभिला. येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. सजा वाढवून मागणारे कैदी इतिहासात थोडेच असतील! पुढे १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचे सोनखत करणारे, कोणालाही हात लावावा न लागणारे साधे संडास खेडोपाडी नेले. पत्रादेवीचे नाके ओलांडले की कणकवली दीड-दोन तासांची वाट आहे. पर्यटनाच्या आराखड्यात गोपुरीचे नाव कोणी घातलेले आम्ही पाहिले नाही.

हे सगळे आम्हांला आठवले ते एका अर्जाच्या निमित्ताने. मुख्याध्यापकाकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, ही पेडण्याकडची जुनी रीत अजून मोडलेली नाही. किनाऱ्यापासून थोड्या आत राहणारा एक बागायतदार गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे आला. त्याची भरडाची जमीन काजूंखाली आहे आणि एका बाजूचा सपाट तुकडा रिकामा आहे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून आसपासच्या प्रत्येक जमिनीला दलाल विचारून जातात. याला जमीन विकायची नाही. घरगाड्यांसाठी दहा जागांचा तळ करावा, असे त्याच्या मनात होते. आम्हांला त्याचा विचार आवडला. जमीन राहते, काजू राहतात, चार पैसे येतात.

त्याला या धंद्याचा पूर्वानुभवही होता. २०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली तेव्हा एक जर्मन जोडपे आपल्या गाडीसह हरमलला अडकले. किनाऱ्यावरून त्यांना हलवले गेले आणि याने त्यांना आपल्या भरडावर जागा दिली. पाच महिने ती माणसे तेथे राहिली. पेज खाल्ली, कोकमाचे सार शिकली. डबा कुठे ओतावा हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले. याने काजूंमागे हात दाखवला. जर्मनाने स्वतः खड्डा खणला, स्वतः डबा नेला, वर माती टाकली. सगळे रीतसर झाले. पण तो खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला होता. आपला जांभा दगड म्हणजे चाळण. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला आणि आठवड्याभरात विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. तो पावसाळा त्या घराने टाकीचे पाणी प्यायले. घरातील धाकटे मूल जुलाबांनी चार दिवस इस्पितळात होते. डब्यात घालायचे औषध अनेकदा असे असते की मैल्यातले जंतूच मरतात आणि खड्ड्यात तो कुजतही नाही, ही गोष्ट तेव्हा त्या जोडप्याने सांगितली, याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

म्हणून अर्जात त्याने या गोष्टीचा विचार केला होता. त्याने मजकूर सांगितला, आम्ही लिहीत होतो. विजेचे खांब, नळ, फाटकावर राखणदार. मग तो म्हणाला, “मास्तर, आणि डबे साफ करायला एक माणूस ठेवू असे लिहा. त्या वाड्यावरचा कोणीतरी मिळेल.” कोणता वाडा ते त्याने सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही. दोघांनाही ठाऊक होते.

आम्ही लेखणी खाली ठेवली. ही ओळ आमच्या हातून लिहिली जाणार नाही, असे त्याला सांगितले. तो रागावला नाही, गोंधळला. त्याचा मुद्दा असा, की जो पाहुणा रात्रीचे पैसे मोजतो, त्याला आपण हे काम सांगायचे? अतिथीला उष्टे काढायला लावत नाही आपण. त्याच्या दृष्टीने हा आतिथ्याचा प्रश्न होता आणि तो प्रामाणिकपणे बोलत होता, म्हणून उत्तर देणे अधिक कठीण होते. आम्ही पॅरिसचा डॉक्टर सांगितला. कायद्याचा दाखला दिला. त्या वाड्यावरची दोन मुले आमच्या शाळेत दहावीला आहेत, त्यांपैकी एकाला गणितात वर्गात सर्वांत अधिक गुण आहेत, तेही सांगितले. तो ऐकून घेत होता, पण पटले असे दिसेना. “परदेशी माणूस करील हो. आपला माणूस करणार नाही,” एवढेच म्हणून तो अर्ज अर्धा टाकून घरी गेला.

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. नाताळच्या सुमारास पुण्याहून एक निवृत्त दांपत्य भाड्याची घरगाडी घेऊन त्याच्याकडे दोन रात्री उतरले. माणसे सुसंस्कृत, पुस्तके बाळगणारी. दुसऱ्या सकाळी गृहस्थांनी त्याला विचारले, “सफाईला माणूस कुठे आहे?” माणूस नाही असे कळल्यावर ते भरलेला डबा तसाच गाडीत घेऊन पुढे गेले. कुठे रिकामा केला असेल ते नदीनाल्यांना ठाऊक.

या प्रसंगानंतर त्याची गृहिणी बोलली. टाळेबंदीत तिने त्या जर्मन बाईला आपल्या स्वयंपाकघरात घेतले होते आणि विहीर बिघडल्यावर सगळे पाणी डोक्यावरून तिनेच आणले होते. तिने नवऱ्याला सांगितले, की ज्याला आपला डबा नेता येत नाही त्याला आपली जागा नको. दहा गाड्या न येता चार आल्या तरी चालतील. नवरा दुसऱ्याच दिवशी अर्धा अर्ज घेऊन पुन्हा आमच्या दारी आला.

अर्ज आता असा झाला आहे. दहा जागांऐवजी चार. जमिनीच्या उतारावर, विहिरीच्या खालच्या अंगाला, पाळीपाळीने वापरायचे दोन खड्डे. एक भरला की मातीने व पाल्याने झाकून तो पुरता कुजेपर्यंत बंद ठेवायचा आणि दुसरा उघडायचा. जंतू मारणारे औषध वापरणाऱ्याला तेथे ओतता येणार नाही, त्याने साबणाचे वा जैविक औषध वापरावे. हातमोजे, झाडू आणि पाण्याचा नळ खड्ड्याजवळ. आणि प्रत्येक बिऱ्हाडाने आपला डबा आपण रिकामा करावा, ही अट मराठीत, इंग्रजीत आणि जर्मन भाषेत फाटकावर लावायची. जर्मन मजकूर आमच्या पुतण्याने पाठवला आहे. मराठी मजकूर आम्ही लिहिला. ‘कृपया’ शब्द घालावा की नाही यावर थोडी चर्चा झाली. गृहिणीच्या मते घालू नये. आम्ही तो ठेवला आहे.

अर्ज पंचायतीत दाखल झाला असून अजून सभेपुढे आलेला नाही. पहिला खड्डा मात्र त्याने मे महिन्यातच खणून घेतला. विहिरीपासून पन्नास पावले, उताराच्या बाजूला. पावले त्याच्या बायकोने मोजली.